नदीपलीकडे राज्य दुप्पट पैसे देतं का?

प्रश्न: ताई, मी आणि माझा पार्टनर दोघंही ग्रीनकार्डवाले, ओहायोतल्या सिनसिनाटीत आमची चार जणांची कंपनी आहे, पाण्यातलं शिसं ओळखणारा सेन्सर बनवतो. नुकतंच एसबीआयआरचं, म्हणजे छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी मिळणाऱ्या फेडरल (केंद्र सरकारच्या) ग्रँटचं, फेज वन (पहिला टप्पा) मिळालंय. आता सगळे म्हणतायत की नदी ओलांडून केंटकीत जा, तिथलं राज्य सरकार त्यावर आणखी ‘मॅचिंग’ पैसे देतं. खरंय का? आणि मॅचिंग म्हणजे तेवढे पैसे आपण आधी दाखवायचे का?

उत्तर: पहिलं म्हणजे मनापासून अभिनंदन, फेज वन मिळणं सोपं नाही!

मॅचिंगचा अर्थ उलटा आहे. तुम्ही काहीच दाखवायचं नाही, फेडरल पैसे तुम्ही जिंकलेत म्हणून राज्य त्यावर आपला वाटा टाकतं, आणि हे ग्रँट असल्यामुळे कंपनीतला हिस्सा सहसा मागत नाहीत. केंटकीबद्दल ऐकलंत ते खरं आहे, बाहेरच्या राज्यातली कंपनी तिथे यायला तयार असेल तर तिलाही ते अर्ज करू देतात. नॉर्थ कॅरोलायना, हवाई यांच्याही अशा योजना आहेत.

राज्यं हे का करतात ते कळलं की पुढचं सोपं जातं. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या एसबीआयआरचा पैसा मुळात संशोधनासाठी आहे, त्यातून तुम्ही सेल्सचा माणूस ठेवू शकत नाही. बाजारात न्यायच्या मदतीसाठी फेज वनमध्ये जेमतेम ६,५०० डॉलरपर्यंत मागता येतात, आणि तेही सगळ्या एजन्सीज देतातच असं नाही. शिवाय फेज वन संपून फेज टूचा पैसा येईपर्यंत मध्ये काही महिने कोरडे जातात, पगार तर थांबत नाहीत. छोट्या कंपन्या मोडतात त्या तिथेच, आणि राज्याचा पैसा खरा तिथे कामी येतो. कुठल्या खर्चाला चालतो, पेटंटला चालतो का, हे मात्र प्रत्येक राज्याच्या नोटीसमध्ये वेगळं असतं, ती शेवटपर्यंत वाचा.

आता जायचं का? माझं स्पष्ट मत, फक्त या पैशासाठी जाऊ नका. अशा ग्रँटला अट असते की कंपनीचं मुख्य ठिकाण आणि बहुतेक माणसं त्याच राज्यात हवीत, तीही पुढची काही वर्षं, म्हणजे नुसता पत्ता बदलून भागत नाही. आणि अर्ज केला की मिळालं असं नसतं, निधी ठरावीक असतो, निवड होते. माझ्या ओळखीतल्या एका कंपनीने अवॉर्डचं पत्र आल्या आल्या मॅचिंगचा आकडा बजेटमध्ये पक्का धरला, भाड्याचा करार केला, आणि मग कळलं की त्या वर्षीची अर्जाची तारीख होऊन गेलीय. फार वाईट वाटलं होतं मला, कारण एक फोन आधी केला असता तर वाचलं असतं.

मिळालंच तर एकच सांगते, टाइमशीट. तेच तास फेडरलमध्येही आणि राज्याकडेही लावायचे नाहीत. मंगळवारी सकाळी लॅबमध्ये सेन्सर तपासला ते फेडरल खात्यात, दुपारी ग्राहकाशी बोललात ते राज्याच्या, त्याच दिवशी लिहून ठेवा, महिनाअखेरीला आठवून लिहिलेलं ऑडिटमध्ये टिकत नाही. आणि हा पैसा साधारणपणे करपात्र उत्पन्न धरतात, तुमच्या सीपीएला (अकाउंटंटला) आधीच सांगा.

ग्रीनकार्डची काळजी नको, मालकी निम्म्याहून जास्त नागरिकांची किंवा पर्मनंट रेसिडेंटची असली की चालतं. पण उद्या बाहेरच्या देशातला कुणी मोठा हिस्सा घेणार असेल तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा. आणि ओहायोत तुमच्यासाठी काय आहे ते आधी तुमच्याच राज्याच्या ऑफिसला विचारा, पूल मग ओलांडा.