अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल विद्यापीठाला नफा मिळवून देतो का?
बहुतेक विद्यापीठांना फुटबॉलमधून (म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधून, सॉकरमधून नव्हे) नफा होत नाही. मोजक्या मोठ्या संघांकडे शिल्लक उरते, परंतु तीही बहुधा जलतरणासारखे उत्पन्न नसलेले खेळ चालवण्यात खर्च होते, तर लहान ठिकाणी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भर घालावी लागते. सरकारी विद्यापीठे एनसीएएला (महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय नियामक संघटना) दरवर्षी सादर करत असलेल्या हिशेबांत हे चित्र दिसते. मोठ्या संघांचे उत्पन्न दूरचित्रवाणी हक्क, तिकिटे आणि देणग्यांतून येते, आणि त्याचा मोठा वाटा प्रशिक्षकांवर जातो: टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये मुख्य प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना मुदतीआधी पदमुक्त केले, तेव्हा त्यांचे देणे साडेसात कोटी डॉलरहून अधिक निघाले (तेही काम न करण्यासाठी). त्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात, ज्याची पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलर आहे. अभ्यासातील हयगयही महाग पडू शकते, कारण शैक्षणिक प्रगती निर्देशांकाची (खेळाडू शिक्षणात किती टिकतात आणि पुढे जातात याचे एनसीएएचे १००० पैकी माप) चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेलेला संघ हंगामोत्तर सामन्यांसाठी अपात्र ठरू शकतो. मात्र शिष्यवृत्त्या, देणग्या आणि स्टेडियमच्या कर्जाचे हप्ते कोणत्या खात्यात मांडले आहेत, यावर नफ्यातोट्याचा आकडा बराच बदलतो.