पाणी कितव्या पायरीवर?

बाळा,

अनेक आशीर्वाद. ह्यूस्टनला वादळ आलं तर आईला काय सांगायचं, असं तू निघताना विचारलंस. घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

२०१७ साली २५ ऑगस्टला आमच्याकडे गणपती बसले आणि तिकडच्या त्याच रात्री हार्वे वादळ टेक्सासमध्ये रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला धडकलं. चौथ्या श्रेणीचं. आमचा मुलगा तेव्हा ह्यूस्टनला होता. दुसऱ्या दिवशी दीड दिवसाच्या बाप्पांचं विसर्जन करून आलो, तर बातम्यांत वादळाचा जोर ओसरतोय म्हणून सांगत होते. निवांत झोपलो.

आमचं चुकलं ते तिथेच. श्रेणी ठरते फक्त वाऱ्याच्या वेगावर, पावसाचा त्यात हिशेबच नसतो. वारा मंदावला, पण वादळ हलेना. टेक्सासमधल्याच नेदरलँड नावाच्या गावात तर काही दिवसांत ६० इंचांवर पाऊस झाला. तेव्हा 'श्रेणी कमी झाली' एवढंच घरी कळवू नकोस.

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर ह्यूस्टनच्या रस्त्यांतून होड्या फिरताना दिसल्या. मुलाचा मेसेज आला होता: 'मी ठीक आहे. काळजी करू नका.' तुझ्या काकूने समई घासायला घेतली. घासून लख्ख झाली, तरी पुन्हा चिंच लावून घासत बसली. एक शब्द बोलली नाही. 'ठीक' म्हणजे काय, हे आम्हाला कुठे कळत होतं?

रात्री फोटो आला, त्याच्या इमारतीच्या जिन्याचा. खाली लिहिलं होतं, 'आम्ही वरच्या मजल्यावर. एकूण चौदा पायऱ्या, पाणी तिसरीवर. वीज आहे.' तिने फोटो बोटांनी मोठा करून पायऱ्या मोजल्या. "अजून अकरा आहेत," म्हणाली, आणि समई बाजूला ठेवून चहा टाकला.

बाळा, आईला पायरी सांग. वेळही ठरवून घे. मायामीच्या हरिकेन सेंटरचं बातमीपत्र दर सहा तासांनी येतं. तिकडे उन्हाळ्यात रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ. ते वाचून दोन ओळी पाठव. फोन लागला नाही तरी मेसेज बहुतेक वेळा जातो. तुझ्या खोलीतल्या मित्रमैत्रिणींचे नंबर आणि जवळच्या बायूचं, म्हणजे ओढ्याचं नाव तिला आत्ताच देऊन ठेव.

आणि लपवू नकोस. २८ तारखेला ह्यूस्टनच्या अ‍ॅडिक्स आणि बार्कर धरणांचं पाणी बफेलो बायूत सोडलं, ते मुलाने आमच्यापासून लपवलं. आम्हाला टीव्हीवरून कळलं. त्यानंतर त्याच्या खऱ्या मेसेजवरही तुझ्या काकूचा विश्वास बसेना. ते दोन दिवस सर्वांत वाईट गेले.

२९ तारखेला मुंबई बुडाली. घरी गौरी यायच्या होत्या आणि लोकल बंद, मी दादरला अडकलेलो. मुलाला लिहिलं, 'काळजी करू नकोस.' तिकडे अजून उजाडलंही नव्हतं, तरी लगेच उत्तर आलं, 'बाबा, पाणी कुठवर आलंय ते सांगा.'

मी खाली बघितलं आणि लिहिलं, 'गुडघ्याच्या चार बोटं खाली.'

तुझा,
काका