सगळ्या वाइन मला सारख्याच लागतात; रेड आणि शार्डनेचं वर्णन करायला कसं शिकू?

तुम्ही लिहिलंय की रेडच्या बाटलीवर ‘ब्लॅकबेरी, चामडं, तंबाखू’ असं छापलेलं असतं, शार्डने या व्हाइट वाइनवर ‘लोणी आणि व्हॅनिला’, आणि तुम्हाला मात्र त्यातलं काहीच सापडत नाही. माझी जीभच कमी पडते का, असा तुमचा प्रश्न आहे. जीभ ठीक आहे हो. तुम्ही सुरुवात सगळ्यात अवघड टोकाकडून करताय.

फळांची नावं शेवटी येतात. आधी तोंडात काय घडतंय तिकडे लक्ष द्या. घोट घेतला की लगेच गिळू नका, पाच-सहा सेकंद तोंडात खेळवा, हिरड्यांपर्यंत जाऊ द्या. तोंडाला पाणी किती सुटलं? गाल आतून कोरडे पडले का? वाइन पातळ वाटली की भरीव? (साय काढलेलं दूध आणि सायीचं दूध यातला फरक आठवा.) गिळल्यावर घशात ऊब राहिली का? पाणी सुटतं ते आम्लतेमुळे, कोरडं पडतं ते टॅनिनमुळे (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारं तुरट द्रव्य), ऊब अल्कोहोलची. एवढं लिहिता आलं तरी निम्मं वर्णन झालं, आणि त्यात एकाही फळाचं नाव नाही.

टॅनिनच्या बाबतीत तर मराठी माणसाचं काम सोपं आहे, कारण आपल्याकडे ‘तुरट’ हा नेमका शब्द आहे. सहा रसांमध्ये कषाय म्हणून त्याला स्वतंत्र जागा आहे. कडू वेगळं आणि तुरट वेगळं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. फार वेळ उकळलेला कोरा चहा प्या, लगेच कळेल. मग रेडमध्ये तुरटपणाची जात ओळखायला लागा. रेडची नावं बहुधा द्राक्षाच्या जातीवरून असतात: कॅबर्ने सोव्हिन्यॉमध्ये तो हिरड्यांना घट्ट धरतो, मेर्लोमध्ये बहुधा मऊ असतो, पिनो न्वारमध्ये हलकाच जाणवतो. नेबिओलो दिसायला फिकी, पण तोंड अक्षरशः आवळून टाकते. म्हणून रंगावरून तुरटपणाचा अंदाज बांधू नका.

रंग खरोखरच फसवतो. 2001 साली फ्रान्समधल्या बोर्दोतल्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्हाइट वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, तर मुलांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या मुलांचं हे झालं, तर आपण निदान डोळे मिटून वास घ्यायला काय हरकत आहे? मी तसंच करते. ग्लासच्या कडेने ओघळणाऱ्या धारा पाहूनही दर्जा ठरवू नका. तो अल्कोहोलच्या बाष्पीभवनाचा आणि पृष्ठताणाचा खेळ आहे.

आता नाक. एक घोट नाक चिमटीत धरून घ्या. आंबट, तुरट, ऊब सगळं जागेवर असेल, फळ मात्र गायब. घोट गिळा, नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका: फळ परत येईल, घशामागून. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी तीनदा करून पाहिलं, विश्वासच बसेना. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला केवढा तरी भाग वासच असतो.

आणि बाटलीवरचे ते शब्द नुसते कल्पनाविलास नसतात. सिरा या रेड वाइनमध्ये मिरीचा वास येतो कारण रोटंडोन नावाचा तोच रेणू काळ्या मिरीतही असतो. 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे दाखवलं, आणि त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एका माणसाला तो वास जाणवलाच नाही. तेव्हा शेजारचा ‘मिरी’ म्हणाला आणि तुम्हाला काही लागलं नाही, तर दोघेही खरंच बोलताय. कॅबर्नेमधला हिरव्या ढोबळी मिरचीचा वासही असाच खरा. तो पायराझिन या संयुगांचा असतो आणि द्राक्षं पिकत जातात तसा कमी होतो.

शिकायला मात्र माझ्या मते शार्डनेसारखी दुसरी वाइन नाही. द्राक्ष स्वतः फार बोलत नाही. थंड हवेत हिरवं सफरचंद आणि लिंबू, उबदार हवेत पीच आणि अननस, एवढंच. बाकी बरंचसं बनवणाऱ्याच्या हातचं. लोण्याचा वास येतो तो जिवाणूंमुळे: ते सफरचंदातलं धारदार मॅलिक आम्ल मोडून दुधातलं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्या वाटेवर डायअ‍ॅसिटिल तयार होतं. लोण्यालाही वास देणारं तेच. व्हॅनिला ओकच्या लाकडी पिंपातून येतो, आणि पिंप आतून भाजलेलं असलं तर खमंगपणाही. मेलेल्या यीस्टच्या गाळावर वाइन ठेवली की पावाच्या पिठासारखा वास चढतो.

म्हणून एका वेळी दोन शार्डने घ्या, एक स्टीलच्या टाकीतली आणि एक पिंपातली. एकट्या वाइनचं वर्णन करणं जड जातं, पण दोन शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींबद्दल सांगू लागतात. ग्लास एक तृतीयांशच भरा. वाइन फ्रिजमधून काढल्याकाढल्या पिऊ नका, गारठ्यात वास बंद असतो. 10 ते 13 अंश बरे. रेड 15 ते 18 अंशांवर, त्याहून गरम झाली की अल्कोहोल नाकाला टोचतं.

शब्दांसाठी इंग्रजी याद्या पाठ करत बसू नका. अमेरिकेतल्या संशोधक अ‍ॅन नोबल यांनी 1984 साली मांडलेलं वासांचं चक्र (वासांचे शब्द गोलात मांडलेला तक्ता) मी पडताळणीपुरतं वापरते. फळ, मग लिंबूवर्गीय, मग लिंबू, असा मोठ्याकडून बारीककडे जायचा त्याचा क्रम उपयोगी आहे. लिहिते मात्र मराठीतच: करकरीत, मुळमुळीत, पाणचट, मातकट, उग्र. ‘कुबट’ हा तर हुकमी शब्द. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बहुतेक वेळा बुचातून आलेला दोष असतो, तिथे फळ शोधत बसू नका.

त्या दोन ग्लासांच्या पहिल्या दिवशी माझ्या वहीत एवढंच होतं: ‘डावी करकरीत, दाढांपाशी पाणी सुटतं, लिंबाची साल, लवकर संपते. उजवी भरीव, खमंग, लोणी आहे पण मागे. गिळल्यावर बराच वेळ राहते. पाऊण तासाने उजवीत पीच आलं, डावी तशीच.’