माती शिकायला कॉलेज कशाला?

पत्र : आमचं सहा एकर रान. दोन एकर कालव्याखाली, ऊस असतो, बाकी कोरडवाहू. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीचा पर्सेंटाइल बरा आहे. बी. फार्म.ला मिळेल असं सगळे म्हणतात. ती मात्र कृषीला जाऊन पुढं ‘मातीचंच शिकणार’ म्हणून हटून बसलीय. आमची हयात मातीत गेली, माती शिकायला कॉलेज कशाला? आणि नोकरी कुठं लागणार? – एक पालक, माढा तालुका

उत्तर : नमस्कार. पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही एक ओळ जाता जाता लिहिलीय. उसाच्या खालच्या कोपऱ्याला मीठ फुटलंय, तिथं कांडंच धरत नाही, आणि ‘असं का होतं?’ हे पोरगी दोन वर्षांपासून विचारतेय. माझ्या दृष्टीनं तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं दिलं आणि जादा पाण्याला निचरा नसला की खालची पाणीपातळी वर येते. आपल्या काळ्या रानाची छिद्रं बारीक असतात. त्यांतून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि त्यातले क्षार वर राहतात. तेच तुमचं मीठ. अशा रानात ओल असूनही पीक सुकतं, कारण खारट पाणी मुळांना ओढता येत नाही. ही झाली खारवट जमीन. चोपण जमीन वेगळी. तिच्यात चिकणमातीच्या कणांवर सोडियम बसलेला असतो, कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रं बुजतात आणि पाणी वरच तुंबतं. तिथं जिप्सम टाकतात. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवून त्याची जागा घेतं. पण हटलेला सोडियम चरातून बाहेर गेला नाही, तर जिप्समचे पैसे वाया गेले म्हणून समजा.

दोन्ही कोपरे डोळ्याला पांढरेच दिसतात, उपाय मात्र वेगळे. हा फरक ओळखायचा ते मृद विज्ञान. हयात मातीत घालवून रान कळतं, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण कणावर कॅल्शियम बसलाय की सोडियम हे हाताला लागत नाही.

कोरडवाहू चार एकरांचंही तसंच. वाफसा कधी आला हे तुम्ही ढेकूळ मुठीत दाबून सांगता. पुस्तकात त्याच अवस्थेच्या जवळपास ‘जलधारण क्षमता’ भेटते : मोठ्या छिद्रांतलं पाणी खाली निथरलं, बारीक छिद्रांतलं टिकलं. मीटरभर खोल काळ्या रानात पिकाला घेता येईल असं पाणी साधारण 150 ते 200 मिलिमीटर मावतं. 150 धरलं तरी एकराला सहा लाख लिटर होतं. हस्ताच्या पावसानंतर थेंब पडला नाही तरी आपली मालदांडी ज्वारी निघते ती या साठ्यावर. मुरमाड बरडावर वीत-दीड वीत माती असते, तिथं हा हिशेबच बसत नाही. आणि रब्बीसाठी पावसाळाभर उघडं ठेवलेलं रान धुपतं. एकरावरची फक्त एक मिलिमीटर माती वाहून गेली तरी ती पाच टनांच्या आसपास भरते. डोळ्याला काही दिसत नाही, म्हणून तर पंचाईत. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन 1933 साली सुरू झालं ते उगाच नव्हे.

आता शिक्षणाचं. मुलीला एक गोष्ट नीट सांगा : पहिल्या चार वर्षांत ‘मातीची डिग्री’ नसते. बी. एस्सी. (ऑनर्स) कृषीत पिकं, कीड, पशू, अर्थशास्त्र सगळंच असतं, मातीचे त्यात मोजके पेपर. मृद विज्ञान हा विषय म्हणून एम. एस्सी.ला मिळतो, आणखी दोन वर्षं. म्हणजे सहा वर्षांची तयारी हवी. कॉलेज निवडताना ते राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी एका कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे का, एवढं आधी बघा, इमारत नंतर. बांध, नालाबंडिंग, ठिबक अशा कामात रस असेल तर कृषी अभियांत्रिकीचं बी. टेक. बरं. रसायनशास्त्राची साधी बी. एस्सी. करून मग माती, हा रस्ता मी सुचवणार नाही. कृषी विद्यापीठातल्या या एम. एस्सी.ला बहुतेक करून कृषीचीच पदवी लागते.

नोकरीचं खरं सांगतो. कृषी पदवीवर लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा आणि बँकेतली कृषी अधिकाऱ्याची परीक्षा देता येते. एम. एस्सी.नंतर नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी, आणि पुढं पीएच. डी. केली तर शास्त्रज्ञ भरतीची परीक्षा. नागपूरला मृदा सर्वेक्षणाची, भोपाळला मृद विज्ञानाची आणि कर्नालला खारवट जमिनींची राष्ट्रीय संस्था आहे, आणि आपल्या सोलापूरजवळच्या केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय केंद्र. जागा थोड्या, रांग मोठी. खाजगीत माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळा, साखर कारखाने, ठिबक आणि खतांच्या कंपन्या. यातली बरीच पोरं शेवटी खतं विकतात, हेही माहीत असू द्या. त्यात कमीपणा नाही, पण तिला तपासायचीच आवड असेल तर ते काम दोन वर्षांत नकोसं होतं. बी. फार्म.ही वाईट नाही. तिथंही रसायनशास्त्रच आहे, फक्त तिचा प्रश्न तिथं नाही.

तिला खरंच हे जमेल का, ते प्रवेशाआधी घरीच बघता येईल. चांगल्या रानातलं एक आणि पांढऱ्या कोपऱ्यातलं एक असं सुपारीएवढं सुकं ढेकूळ घ्या. दोन काचेच्या ग्लासांत आरओ फिल्टरचं पाणी घेऊन त्यात अलगद सोडा. हलवू नका. ढेकूळ फुटेल, ते सोडून द्या. तासा-दोन तासांनी पाणी बघा. दुधाळ, गढूळ राहिलं तर चोपणाचा संशय. नितळ राहिलं आणि तरी पीक येत नसेल तर खारवट असण्याची शक्यता जास्त, कारण क्षार कणांना एकत्र धरून ठेवतात. आणि असेच क्षार, सोडियमही असताना, जिप्समशिवाय नुसत्या गोड्या पाण्यानं धुऊन काढले तर रान चोपण होऊन बसतं. हे वाचून ‘का?’ म्हणाली तर पोरगी योग्य जागी चाललीय. नुसतं ‘बरं’ म्हणाली तर फार्मसीचा फॉर्मही भरून ठेवा.

मग दोन्ही जागांचे नमुने प्रयोगशाळेत द्या. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, कडेची माती वरून खालपर्यंत सारख्या जाडीची खरवडायची, एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती नको. पहिल्या वर्षाला असताना मी जुन्या उकिरड्याचा नमुना नेला होता. रिपोर्टमधला भरमसाट सेंद्रिय कर्ब (कार्बन) बघून सरांनी ‘हे रान विकत घेऊ का?’ असं भर वर्गात विचारलं होतं.

दोन पिशव्या, दोन वेगळ्या चिठ्ठ्या, चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहिलेल्या. शाई ओलीनं पसरते. रिपोर्ट आला की पीएच आणि क्षारतेचे आकडे आधी तिला वाचू द्या. पीएच साडेआठच्या वर असेल तर कोपऱ्याचं काय करायचं, हे तिनंच तुम्हाला सांगावं. तोवर तिथं जिप्समची गाडी उतरवू नका.