संशोधनाआधी आराखडा कसा लिहावा?

प्रश्न : माझे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण होत आले असून पुढे पीएच.डी.साठी अर्ज करण्याचा विचार आहे. अर्जासोबत संशोधन आराखडा मागितला आहे. परंतु संशोधन केलेच नसताना त्याचा आराखडा कसा लिहावा, हे कळत नाही. माझा विषय ‘शहरातील स्थलांतरित कामगार’ हा आहे. संभाव्य मार्गदर्शकांना अर्जापूर्वी पत्र लिहिणे योग्य ठरेल का?
– एक वाचक

उत्तर : आपली अडचण रास्त आहे. आराखड्यात निष्कर्ष अपेक्षित नसतात. आपला प्रश्न कोणता, तो का विचारायचा आणि त्याचे उत्तर कोणत्या मार्गाने शोधणार, एवढेच त्यातून दिसावे लागते. आपण कळवलेला विषय हे अभ्यासाचे क्षेत्र झाले, त्यात प्रश्न अजून आलेला नाही. कामगाराने घरी पाठवलेला पैसा कसा खर्च करायचा हे त्याच्या गैरहजेरीत कोण ठरवते, आणि तो परतल्यावर हा अधिकार पुन्हा त्याच्याकडे जातो का, असे विचारले की मुलाखती कोणाच्या घ्यायच्या, किती कुटुंबे पुरतील आणि तीन-चार वर्षांत हे काम होईल का, याचा अंदाज आपोआप येऊ लागतो. माणसांशी बोलून माहिती गोळा करायची असल्याने त्यांची संमती कशी घेणार आणि त्यांची ओळख कशी जपणार, हेही आराखड्यात लिहावे.

‘या विषयावर आजवर कोणीही काम केलेले नाही’ हे वाक्य मात्र कृपया टाळावे. आराखडा वाचणारे त्याच क्षेत्रात वर्षानुवर्षे वावरलेले असतात आणि असे विधान त्यांना अपुऱ्या वाचनाचीच खूण वाटते. त्याऐवजी दोन-तीन अभ्यासकांचे म्हणणे मांडून त्यांचे मतभेद नेमके कोठे आहेत आणि आपला प्रश्न तेथे कसा उभा राहतो, हे दाखवणे मला कितीतरी मोलाचे वाटते. शब्दमर्यादा विभागाने दिली असेल तीच पाळावी.

मार्गदर्शक विभागच नेमून देतो का, हे प्रवेशाच्या नियमांत आधी पाहावे. तसे नसेल तर पत्र अवश्य लिहावे. पीएच.डी. ही पदवी 19व्या शतकात जर्मन विद्यापीठांत आजच्या रूपाला आली, ती अध्यापकाच्या सहवासात संशोधन शिकण्याच्या पद्धतीतूनच. म्हणून विद्यापीठाच्या नावलौकिकापेक्षा मार्गदर्शक कोण आहे, याला मी अधिक महत्त्व देईन. त्यांचे अलीकडचे एक-दोन शोधनिबंध खरोखर वाचून, आपला प्रश्न चार-पाच ओळींत मांडून, यंदा ते नवे विद्यार्थी घेणार आहेत का, एवढेच विचारावे. एकच मजकूर अनेकांना पाठवल्याचे वाचणाऱ्याला लगेच कळते.

शिफारसपत्रे देणाऱ्या अध्यापकांना किमान महिनाभर आधी विनंती करून आराखड्याचा मसुदाही सोबत द्यावा. शिष्यवृत्तीसाठी पुष्कळदा वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत प्रवेशअर्जाच्या आधीच संपू शकते; तेव्हा ती तारीख आजच पाहून ठेवावी.