डेकेअरमधल्या कर्मचारी बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा द्यावी का?

प्रश्न: अटलांटाजवळ आमचं छोटं डेकेअर आहे. अकरा जणी कामाला आहेत, बहुतेक कृष्णवर्णीय, तिघी लॅटिना, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या. चार वर्षं आमच्याकडे असलेली एक जण मार्चमध्ये बाळंत होणार आहे. तिला तासाला १६ डॉलर मिळतात. तिला आठ आठवडे भरपगारी रजा द्यावी असं मला वाटतं. यांचं म्हणणं, कायद्याचं बंधन नाही, हजार डॉलरचं पाकीट द्यावं आणि विषय संपवावा. व्हॅनच्या डाउन पेमेंटसाठी १४ हजार डॉलर बाजूला ठेवलेत, ते मोडावे लागतील. एकीला दिलं की सगळ्या मागतील, हीही धास्ती. आणि मनातलं विचारते, तिनेही थोडी बचत करायला नको होती का?

उत्तर: रजा द्या. आठ आठवडे, पूर्ण पगारी. फक्त तिला नाही, सगळ्यांना लागू होईल अशी आणि लेखी. व्हॅन वर्षभर थांबू द्या.

आधी हिशेब मांडू. आठवड्याचे ४० तास धरले तर पगार ६४० डॉलर, आठ आठवड्यांचे ५,१२०. त्यावर मालक म्हणून तुमचा सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरचा (उतारवयातला सरकारी आरोग्यविमा) वाटा ७.६५ टक्के, म्हणजे ३९२. एकूण ५,५१२. तिच्या जागी येणाऱ्या बाईचा पगार यात धरलेला नाही, कारण रजा बिनपगारी असती तरी तो द्यावाच लागला असता.

आता जमेची बाजू. २०१७ च्या करकायद्यात भरपगारी कौटुंबिक रजा देणाऱ्या मालकांसाठी एक टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून थेट वजा होणारी सूट, आलं आणि २०२५ मध्ये ते कायमचं झालं. पूर्ण पगार दिला तर दिलेल्या पगाराच्या २५ टक्के क्रेडिट मिळतं, अर्धा पगार दिला तर साडेबारा टक्के. तुमच्या बाबतीत ते १,२८० डॉलर होतात. तितकी रक्कम खर्चातून वजा करून उरलेला खर्च उत्पन्नातून वळता करता येतो. तुमचा करदर २२ टक्के धरला तर त्यातून आणखी सुमारे ९३० वाचतात. खिशातून जातात साधारण ३,३०० डॉलर. क्रेडिट तुमच्या कराच्या देण्यातूनच वळतं होतं, रोख परत मिळत नाही. यंदा कर कमी बसला तर उरलेलं पुढे नेता येतं.

तुमच्या यजमानांनी सुचवलेल्या पाकिटाला हे क्रेडिट नाही. त्यासाठी लेखी धोरण हवं, तेही रजा सुरू होण्याआधी लागू झालेलं आणि पात्र ठरणाऱ्या सगळ्यांसाठी. तेव्हा ‘सगळ्या मागतील’ ही तुमची धास्ती इथे कायद्याची अटच आहे. मला ती अट आवडते. मर्जीवर चालणाऱ्या ठिकाणी जिची मालकिणीशी बोलायची हिंमत होते तिला मिळतं, गप्प राहते तिला मिळत नाही.

आता बचतीचा प्रश्न. मनातलं विचारलंत म्हणून मीही मनापासून सांगते. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत, क्रमाने मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता, कर्ज वजा जाता, २,८५,००० डॉलर निघाली. कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. यात घर, गाडी, निवृत्तीचा फंड सगळं आलं, हातातली रोकड त्याहून कितीतरी कमी. हा फरक काटकसरीने भरून निघणारा नाही. १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा आणि १९३८ चा किमान वेतनाचा कायदा आले तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार बाहेर ठेवले गेले, आणि दक्षिणेत कृष्णवर्णीय बायका बहुतेक हीच कामं करत होत्या.

१९९३ च्या रजा कायद्यात वंशाचा उल्लेखही नाही, तरी परिणाम तोच. १२ आठवडे रजा, तीही बिनपगारी, आणि पन्नासच्या आत माणसं असलेल्या खाजगी मालकाला लागू नाही. तुमचं डेकेअर तिथेच सुटतं. कॅलिफोर्नियाने २००४ पासून, न्यू जर्सीने २००९ पासून राज्याच्या निधीतून रजेचे पैसे द्यायला सुरुवात केली. तुमच्या जॉर्जिया राज्यात असा निधी नाही. इथे राज्य सरकारच्या आणि सरकारी शाळांच्या कर्मचाऱ्यांना २०२४ पासून सहा आठवडे भरपगारी मिळतात, खाजगी डेकेअरमधल्या बाईला काही नाही. देशातले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय दक्षिणेत राहतात, म्हणजे जिथे असे निधी जवळपास नाहीतच तिथे. कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१७ मध्ये, राज्याच्या निधीतून मिळत नाही तो उरलेला पगार मालकांना भरून द्यायला लावलं, पण वीसच्या आत माणसं असलेल्यांना सोडलं. पुन्हा छोट्या जागी राबणाऱ्याच बाहेर. आपल्याकडे भारतात तरी वेगळं काय? २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे, पण घरकाम करणाऱ्या बाईपर्यंत ती पोचत नाही.

या रजेचं मोल पैशापुरतं नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला, गोऱ्या मातांचा १४.५. गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक बाळंतपणानंतर एक आठवडा ते वर्षभराच्या काळात होतात. रक्तदाब तपासायचा, सूज, डोकेदुखी अंगावर काढायची नाही, असे हे दिवस. तिचं काम तुम्ही रोज पाहता. दहा-बारा किलोची मुलं क्रिबमधून उचलायची, वाकून डायपर बदलायचे. टाके ओले असताना तिसऱ्या आठवड्यात ती हे करायला आली, तर त्याचं कारण घरभाडं असेल.

करायचं ते असं. दोन पानी धोरण लिहा: वर्षभर नोकरी आणि आठवड्याला किमान २० तास झालेल्या सगळ्यांना, जन्म असो वा दत्तक, आठ आठवडे पूर्ण पगार, अर्धवेळ असणाऱ्यांना त्या प्रमाणात. तुम्हाला १९९३ चा कायदा लागू नसल्याने, रजा घेतल्याबद्दल कुणावर कारवाई होणार नाही, हे वाक्य धोरणात असावंच लागतं. ते विसरलं तर क्रेडिट जातं. परत आली नाही तर पगार वसूल करू, असलं कलम मात्र घालू नका. मसुदा तुमच्या सीपीएला, म्हणजे कर भरून देणाऱ्या अकाउंटंटला दाखवा, या क्रेडिटसाठी फॉर्म ८९९४ भरायचा आहे हे सांगा. ही रजा १४ हजारांतून द्या. मार्चपासून महिन्याला ४५० डॉलर वेगळ्या बचत खात्यात टाका, म्हणजे वर्षाला एका रजेची सोय होते.

आणि तिला हे या आठवड्यातच कागदावर द्या. रजेत भाडं कसं भरायचं या चिंतेने ती आत्ताच जादा शिफ्ट मागत असेल.