मन थाऱ्यावर नाही, अशी तक्रार

वाचायला बसल्यावर चार ओळींतच लक्ष भलतीकडे निघून जाते, समोरचा माणूस बोलत असताना मन दुसऱ्याच विचारात गुंतते, हा एखादा मानसिक आजार तर नाही ना, अशी शंका घेऊन समुपदेशनासाठी येणाऱ्यांची संख्या बरीच मोठी आहे. त्यांच्यापैकी एका बाईंचा अनुभव येथे मांडत आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील अर्थातच बदलले आहेत.

बाई चाळिशीच्या आसपासच्या, व्यवसायाने मुद्रितशोधक. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून तपासलेल्या प्रुफांची एक चळत काढून माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक पानाच्या समासात दुरुस्तीच्या खुणांखेरीज पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या. मन कामावरून हलले की एक रेघ, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. संध्याकाळी त्या रेघा मोजायच्या आणि स्वतःला दोष देत झोपायचे, असे कित्येक महिने चालले होते. गंमत अशी की, चुका शोधण्याच्या त्यांच्या कामाबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती.

लक्ष न लागण्याची कारणे अनेक असतात, म्हणून आधी झोप, औषधे, थायरॉइडची तपासणी आणि मनःस्थिती यांची चौकशी केली. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांच्याशी संबंधित विकाराची, भीती त्यांनी स्वतःच बोलून दाखवली होती. परंतु त्या निदानासाठी काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीपासून दिसलेली असावी लागतात आणि बाईंच्या शालेय वयात तसे काहीच आढळत नव्हते. आढळले ते वेगळेच. चालताना कानात इअरफोन, भांडी घासताना मोबाइलवर मालिका, रांगेत उभे असताना बातम्या, अंथरुणावर पडल्यावर पुन्हा मोबाइल. दिवसभरात मनाला मोकळे फिरू देणारी पाच मिनिटेही शिल्लक नव्हती. मग ते कामाच्या वेळेतून सवड काढत असावे, असा माझा कयास होता.

‘पण भरकटणारे मन दुःखी असते, हे तर संशोधनानेच सिद्ध झाले आहे,’ असे त्या म्हणाल्या. त्यांनी वाचले होते ते चुकीचे नव्हते, अर्धवट होते. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना मोबाइलवरून दिवसात अवचित विचारले जाई, की या क्षणी तुम्ही काय करत आहात, मन कुठे आहे आणि कसे वाटते आहे. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी बाई रेघा मारत होत्या, ती जवळजवळ निम्मा वेळ सगळ्यांच्याच बाबतीत घडते. शिवाय मन सुखद विषयाकडे गेले असेल, तर माणसे कामात मग्न असतानाइतकीच आनंदी होती. त्रासदायक किंवा साध्या, ना सुखद ना दुःखद अशा विषयांकडे गेले असेल, तेव्हा मात्र आनंद कमी होता. मथळ्यात हा फरक येत नाही.

मेंदूच्या बाजूनेही पाहण्यासारखे आहे. मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की माणूस विशेष काही करत नसतानाही मेंदूचे काही भाग ठरावीक पद्धतीने सक्रिय असतात. आठवणी, पुढचे बेत, स्वतःबद्दलचा आणि इतरांबद्दलचा विचार यांच्याशी या भागांचा संबंध पुढे अनेक अभ्यासांत दिसून आला.

रेघा मारणे थांबवा, असे मी सांगितले नाही, कारण सांगून ते थांबले नसते. त्याऐवजी रेघेच्या जागी, मन कुठे गेले ते दोन-तीन शब्दांत लिहायला सांगितले. पुढच्या भेटीत आम्ही ती पाने एकत्र वाचली. ‘आईची डोळे-तपासणी’, ‘मुलगा कालपासून गप्प का’, ‘रजेचा अर्ज’, ‘मैत्रिणीला फोन’, आणि एका ठिकाणी ‘तिसरे प्रकरण आधी हवे’. ही शेवटची नोंद ज्या पुस्तकाचे काम चालू होते त्याच्याच मांडणीबद्दलची होती आणि ती सूचना लेखकाने मान्य केली होती. घर, नाती आणि कामे सांभाळणारे मन मधूनमधून पुढची तजवीज करत होते. त्यात दोष देण्यासारखे काही नव्हते.

कल्पकतेबाबत मात्र मी फार मोठे आश्वासन देत नाही. सोपे, मन मोकळे ठेवणारे काम मध्ये केल्याने अडलेल्या प्रश्नाला नवी उत्तरे सुचतात, असे २०१२ च्या एका प्रयोगात दिसले होते, पण पुढे तोच निष्कर्ष प्रत्येक वेळी मिळाला नाही.

त्यानंतर आम्ही ठरवले, की चालणे आणि भांडी घासणे ही दोन कामे इअरफोन व मोबाइलशिवाय करायची. सुरुवातीला त्या चांगल्याच अस्वस्थ झाल्या. हे स्वाभाविक आहे. टिमथी विल्सन यांच्या २०१४ च्या एका प्रयोगात लोकांना काही मिनिटे नुसते विचार करत बसायला सांगितले, तेव्हा १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी तेवढ्या वेळात स्वतःला विजेचा सौम्य झटका देऊन घेतला! बाईंची अस्वस्थता हळूहळू ओसरली. कामाच्या वेळी मन भटकणे बंद झाले नाही. ते कमी झाले आणि मुख्य म्हणजे त्याची धास्ती गेली.

त्या नोंदींत एक वाक्य मात्र पुन्हापुन्हा येत होते. एका बैठकीत वरिष्ठांनी सर्वांदेखत केलेला अपमान, तेच शब्द, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक वेळी तिथेच येऊन थांबणारा. त्यातून नवा विचार निघत नव्हता की पुढचे पाऊल. अशा उगाळण्याचा नैराश्याशी असलेला संबंध सुझन नोलन-होएक्सेमा यांच्या संशोधनातून ठळकपणे पुढे आला आहे, म्हणून मनाला मोकळे सोडा, हा सल्ला येथे उपयोगाचा नव्हता. त्या प्रसंगासाठी दुपारची ठरावीक वेळ राखून ठेवली. त्या वेळी घडलेले कागदावर उतरवायचे आणि त्याखाली ‘आता मी काय करू शकते’ याचे निदान एक उत्तर लिहायचे. बरेच दिवस ती जागा कोरी राहिली. मग एकदा त्यांनी तेथे लिहिले, ‘वरिष्ठांची वेळ मागायची’, आणि आमच्या पुढच्या भेटीत त्यांना काय, कोणत्या शब्दांत सांगायचे याचीच तयारी केली.